बरणीतलं धुवण

"बाबा, तुम्ही पिताय की नाही?"

शर्वरीचा आवाज चढला. मुकुंदबाबा तसेच बसून राहिले. पुढ्यात नितळ पाण्याचा पेला.

गावची रीत होती. बंद पडलेल्या विहिरीचं पाणी पुन्हा प्यायचं, तर पहिला घोट मठातल्या बाबांचा. वरच्या शिवारातलं तणनाशक झिरपून ही विहीर बंद पडली होती. शर्वरीनं टाकीभर पाणी शुद्ध करून ठेवलं होतं. फाटकाबाहेर बाया घागरी घेऊन ताटकळल्या होत्या, आणि म्हातारा पेल्याला हात लावत नव्हता.

"पुन्हा दाखव."

"परत?"

"हं."

तिनं धुसफुसत विहिरीचं पाणी काचेच्या भांड्यात घेतलं. लोखंडाचा अंश असलेली काळी भुकटी टाकली, ढवळली. बाहेरून लोहचुंबक लावलं. काळं सगळं सरसर एका अंगाला जाऊन चिकटलं.

"विष भुकटीला चिकटतं, भुकटी चुंबकाला. पाणी तपासून आणलंय, बाबा. आता आणखी काय हवं?"

"भुकटी संपली की?"

"संपत नाही. स्पिरिटनं धुवायची, पुन्हा वापरायची."

"आणि विष?"

"धुवणात उतरतं." तिनं कोपऱ्यातल्या बरणीकडे बोट केलं. "ते बघा. आजचं."

"कालचं?"

ती चुंबक पुसू लागली.

"शर्वरी, कालचं?"

"मागच्या चरात ओतलं."

"चर कुठं जातो?"

चराचं पाणी विहिरीच्याच अंगाला मुरतं, हे गावाला तिनंच नकाशा काढून समजावलं होतं. काल घाई होती, एवढंच.

"थोडंसं तर होतं!" ती उसळली. "त्या बाया उन्हातून वणवण करतायत, बाबा. त्यांनी थांबायचं? माझी एक चूक झाली म्हणून?"

बाबांनी पेला उचलला. घटाघटा प्यायले, रिकामा करून खाली ठेवला.

"गोड आहे."

शर्वरीचा जीव भांड्यात पडला. "मग... वाटू पाणी?"

बाबांनी बरणी उचलली आणि अंगणात उतरले. जास्वंदीच्या आळ्याशी थांबून त्यांनी झाकणाला हात घातला.

"तिथं नको!"

बाबा मोरीकडे वळले.

"बाबा, नको! मोरी ओढ्याला जाते."

ते फाटकापर्यंत गेले. बायांनी वाट दिली. समोर कोरडा, फुफाट्याचा रस्ता. त्यांनी वळून तिच्याकडे पाहिलं.

"पाऊस पडला की वाहून..." वाक्य तोडून ती घाईघाईनं म्हणाली, "उन्हात ठेवून आटवू या."

"आटल्यावर तळाशी उरेल, ते?"

फाटकाबाहेर घागरीवर घागर आपटली. कुणीतरी ओरडलं, "अगं पोरी, मिळायचंय का आज?"

शर्वरीचे डोळे भरून आले. बरणी घ्यायला तिनं हात पुढं केला. बाबांनी ती दिली नाही. मांडीवर घेऊन ते पायरीवर बसले.

"तू पाणी वाट त्यांना. हे मी धरून बसतो."