डाव्या खांद्यावरची पाकळी

पुष्कळ पुष्कळ वर्षांपूर्वी, ज्या काळाची मोजदाद कुणीच ठेवली नाही अशा काळी, डोंगरांच्या कुशीत एक राज्य होतं.

तेव्हाचे राजे एकट्या आपल्या अकलेवर चालत नसत. कुठला राजा पाखरांच्या उडण्यावरून लढाई ठरवी, कुठला बोकडाचं काळीज बघून, कुठला तापवलेल्या हाडाच्या चिरा वाचून. हसायचं तर हसा, पोरांनो, आणि पोरांच्या आजोबांनो तुम्हीसुद्धा हसा. पण राजा चुकला की मरतात दुसरेच, म्हणून त्याला कुणाचा तरी आधार लागतो, एवढं ध्यानात ठेवून हसा.

या राज्यात देवीचा कौल चाले. गुरव जास्वंदीच्या दोन पाकळ्या पाण्यात भिजवी आणि देवीच्या दोन खांद्यांवर चिकटवी. राजा हात जोडून प्रश्न मनातच धरी. तो गुरवाला सांगायचा नाही, असा रिवाज. उजवी पाकळी आधी गळाली तर देवी हो म्हणाली, डावी गळाली तर नाही. गुरव तेव्हा खरा माणूस होता. पाकळी लावून तो मागे सरे आणि देवीच्या मधे बोट घालत नसे. दरबारात राजाच्या उजव्या हाताला त्याचा मानाचा पाट होता. त्या पाटावर बसताना तो धोतराचा सोगा असा काही झटके, की प्रधानालाही सरकून बसावं लागे.

मग दूरदेशाहून एक जोशी आला. ताऱ्यांची गणितं जाणणारा, तरुण आणि गोड बोलणारा. ग्रहणाची वेळ त्यानं आधी सांगितली आणि ती बरोबर आली. झालं! मानाच्या पाटावर जोशी बसला आणि गुरवाचा पाट खांबामागे गेला.

गुरवाला खांबामागून राजा दिसत नसे, जोशी मात्र दिसे. त्याची शाल दिसे. राजा त्याच्याकडे कान कसा झुकवतो, ते दिसे. जोशी खोकला तरी राजा वळून बघे, आणि तो खोकला गुरवाच्या छातीत सलत राही. घरी पानावर बसला की घास तोंडातच फिरे.

"अहो, जेवा की," बायको म्हणे. "जोशानं काही तुमच्या ताटातलं उचललेलं नाही."

"माझा पाट उचललाय त्यानं!"

"पाटावर बसून तुम्हाला कुठं अंडी उबवायची होती?"

गुरव ताट सारून उठे.

आता राजा आधी जोशाला विचारी आणि मग कौलाला येई. योग चांगला असला तर जोशी राजाच्या कपाळी कुंकू लावी, वाईट असला तर भस्म. देवळाच्या उंबऱ्यात राजा आला की गुरवाला जोशाचं उत्तर कपाळावरच दिसे. प्रश्न तेवढा ठाऊक नसे.

एकदा राजा कुंकू लावून आला. गुरवाच्या पोटात पेटलं. त्यानं उजव्या पाकळीला मागून थोडं गंध फासलं, डावीला नुसतं पाणी. उजवी चिकटून राहिली, डावी गळाली. देवी नाही म्हणाली. राजानं जोशाचं न ऐकता देवीचं ऐकलं, आणि त्या दिवशी गुरव पोटभर जेवला.

मग चटकच लागली. कपाळी कुंकू असलं की डावी पाडायची, भस्म असलं की उजवी. पाणवठ्यावर बायका हसू लागल्या, "देवी जोशाची सवत झाली गं! तो हो म्हणाला की ही नाहीच म्हणते."

हसण्यावारी गेलं असतं तर बरं होतं. एका वर्षी राजानं तलावाच्या बांधाचं विचारलं होतं. डागडुजी यंदाच करावी का? जोशानं कुंकू लावलं, गुरवानं डावी पाडली. बांध तसाच राहिला आणि पावसात फुटला. खालच्या वाडीचं उभं भात चिखलात गेलं. लोक कपाळाला हात लावून बांधावर बसले होते. त्यांच्यात गुरवही उभा होता. त्याला क्षणभर वाटलं, आता सांगून टाकावं.

तेवढ्यात बांध बघायला आलेला राजा शेजारच्या जोशाला म्हणाला, "तुमचं बरोबर होतं, जोशीबुवा. देवीला विचारण्यात माझीच काही खोट राहिली."

तुमचं बरोबर होतं! गुरवाला चिखल दिसेनासा झाला. कानात तेवढे शब्द उरले.

पुढे एका सकाळी राजा देवळात आला तो चेहरा खुलवूनच. कपाळी ठसठशीत कुंकू. राजानं डोळे मिटले. गुरवाचा हात सवयीनं गंधाकडे गेला. डावी पाकळी अलगद गळाली.

राजाचा चेहरा उतरला. "असं कसं झालं, गुरवबाबा?" तो म्हणाला. "रिवाज मोडून सांगतो. जोशीबुवा आईच्या आजारपणासाठी आज कायमचे गावी निघालेत. पाट रिकामा होतोय. तो पुन्हा तुम्हाला द्यावा का, एवढंच विचारलं होतं."

गुरवानं खाली पडलेल्या पाकळीकडे पाहिलं.

पायरीशी थांबलेला जोशी आत आला. त्यानं वाकून गुरवाच्या पायांना हात लावला. "कुंकू मीच आग्रहानं लावलं होतं, बाबा. मी परका माणूस, हा मान मुळात तुमचाच. पण देवीपुढे माझी काय मात्रा चालणार?"

पाकळी खोटी होती म्हणावं तर मान उडते, गप्प राहावं तर पाट जातो. "महाराज," तो कसाबसा म्हणाला, "पुन्हा एकदा लावून बघू या का कौल?"

राजानं मान हलवली. "देवीला एकच गोष्ट दोनदा विचारायची नाही. मी एवढासा होतो तेव्हा तुम्हीच मला हे शिकवलंत."

राजा पायऱ्या उतरून गेला. तो पाट पुढे कुणालाच मिळाला नाही. गुरव मरेपर्यंत खांबामागे बसला, आणि आता तर त्याला समोर बघायला जोशीही उरला नव्हता.

तात्पर्य: दुसऱ्याचा 'हो' पाडण्यात ज्याचा जन्म जातो, तो स्वतःच्या वाट्याचा 'हो'सुद्धा आपल्याच हातानं पाडतो.