मंगळवार-शनिवारची मिसिंग

"आता इंजिनाला वारसुद्धा कळायला लागले का, उस्ताद?"

अभिनंदन चौगुले व्हॅनमधून उतरता उतरताच बोलला. किल्ली त्यानं बाकड्यावर टाकली. टाकली म्हणजे आपटलीच.

दस्तगीर उस्ताद पत्र्याच्या शेडमध्ये एका कार्बोरेटरवर ब्रश फिरवत बसले होते. त्यांनी मान वर केली नाही.

अभिनंदन त्यांचाच चेला. मिरजेच्या या शेडमध्ये त्यानं अकरा वर्षं हात काळे केले होते. आता हायवेला त्याचं स्वतःचं वर्कशॉप होतं. त्याची सही असली की गाडीबद्दल पुढं कुणी काही विचारत नसे.

बाकड्याच्या दुसऱ्या टोकाला कोंडिबा ऐवळे बसले होते. अठ्ठावन्न वर्षांचे. एका ट्रस्टची हीच व्हॅन चालवायचे. खेड्यापाड्यांतले किडनीचे पेशंट डायलिसिसला मिरजेत आणायचे, परत घरी सोडायचे. सोमवारी त्यांना कामावरून काढलं होतं. अभिनंदनच्या सहीच्या कागदावरून. म्हणून ते उस्तादांकडं आले होते.

"काय लिहिलंस कागदात?" उस्तादांनी विचारलं.

"जे आहे ते. प्लग नवे टाकले. कॉइल बदलली. कार्बोरेटर खोलून साफ केला. मीटर लावला. चार वेळा रस्त्यावर काढली, एक आचका नाही. मग लिहिलं... गाडीत दोष नाही, चालक खोटं सांगतो."

"खोटं कशावरून?"

"त्यालाच विचारा ना. म्हणतो, गाडी मंगळवारी आणि शनिवारी मिसिंग मारते, आचके देते. तेही मिरजेकडं येताना. परत जाताना सुरळीत. रस्ता तोच, पेट्रोल तेच. पहिलीतलं पोर तरी ऐकून घेईल का हे? आणि यासाठी तुम्ही मला भर दुपारी निरोप धाडता, गिऱ्हाइकं सोडून व्हॅन घेऊन ये म्हणून."

कोंडिबा उठून उभे राहिले. त्यांचा आवाज चढला नाही.

"शनिवारी गाडी चढाला बंद पडली साहेब. गाडीतल्या हौसाक्कास्नी दम लागला हुता. मी रस्त्यात उभा ऱ्हाऊन येनाऱ्या-जानाऱ्याला हात जोडत हुतो. दोन तासांनी एक टेम्पोवाला थांबला. डॉक्टर म्हनले, अजून वेळ गेला असता तर म्हातारी हाताला लागली नसती. आन तुमी लिवता, हे खोटं?"

"तू गाडी मुद्दाम बंद पाडलीस असं मी लिहिलेलं नाही."

"मग दुसरं काय लिवलंय?"

अभिनंदननं बाकड्यावरची किल्ली पुन्हा हातात घेतली. 

उस्तादांनी ब्रश रॉकेलच्या डब्यात ठेवला.

"कोंडिबा, मंगळवारी-शनिवारी गाडीत कोण कोण असतं?"

"सा जन. पाच मागं. हौसाक्का पुढं, माझ्या शेजारी. पाय सुजल्यात, मागं चढता येत न्हाई."

"आणि परत नेताना?"

"तवा पार गळून गेलेल्या असत्यात. दोघं-तिघं मिळून उचलतो, मागच्या लांब सीटवर आडवं करतो."

"बाकीच्या दिवशी पुढच्या सीटवर?"

"कोन न्हाई. माझा डबा असतो."

उस्ताद अभिनंदनकडं वळले.

"हे विचारलं होतंस यांना?"

"मी इंजिन तपासत होतो, उस्ताद. पेशंट नाही."

उस्ताद उठले. पान्ह्यांच्या पेटीकडं ते गेलेच नाहीत. व्हॅनचं डावं दार उघडलं आणि पुढच्या सीटवर जाऊन बसले.

"चालव."

"काही उघडून बघणार नाही?"

"चालव."

कोंडिबा मागं बसले. रेल्वेच्या पुलाचा चढ गाडी सरळ चढली. पलीकडं उतरली, वळली, पुन्हा चढली. अभिनंदननं मुद्दाम गिअर बदलून पाहिले. इंजिन एका लयीत चालत होतं.

"ऐकलंत?" तो म्हणाला. "आता तरी पटलं का?"

उस्तादांनी मागं न बघता विचारलं, "कोंडिबा, हौसाक्का अंगानं कशा आहेत?"

"तुमच्यासारखे तीन हुतील, उस्ताद."

शेडपाशी आल्यावर उस्तादांनी ट्रकच्या दोन जुन्या बॅटऱ्या मागवल्या. कोंडिबांनी एकेक करून आणल्या. उस्तादांनी त्या आपल्या मांडीवर ठेवायला सांगितल्या.

"मांड्या मोडतील, उस्ताद," अभिनंदन म्हणाला. "कशासाठी हे? या माणसासाठी?"

उस्तादांच्या कपाळावर घाम आला होता. दोन्ही हातांनी त्यांनी बॅटऱ्या धरून ठेवल्या होत्या.

"चालव म्हणतो ना."

पुलाचा अर्धा चढ झाला आणि गाडीनं आचका दिला.

अभिनंदननं पाय दाबला. आणखी एक आचका. मग लागोपाठ तीन. इंजिन खोकू लागलं, जीव गेल्यासारखं झालं, पुन्हा धरलं, पुन्हा सुटलं. मागून एक बस हॉर्न मारत आली.

अभिनंदननं गाडी कडेला घेतली. इंजिन चालूच होतं, पण धड नाही. तो धावत डाव्या दाराशी आला. त्या जुन्या व्हॅनचं इंजिन पुढच्या सीटखाली असतं. सीट उचलावी तेव्हा ते दिसतं.

"उतरा, उस्ताद. लवकर. बघतो मी."

उस्ताद हलले नाहीत.

"उतरा ना. तुम्ही बसून राहिलात तर सीट कशी उचलू? सीट उचलल्याशिवाय इंजिन दिसणार कसं?"

"चार वेळा उचललीस," उस्ताद म्हणाले. "काय दिसलं?"

अभिनंदननं उस्तादांखाली दबलेल्या सीटकडं बघितलं.

मग तो रस्त्यावर गुडघ्यांवर बसला. त्याचा पांढरा शर्ट इस्त्रीचा होता. सीटच्या कडेला चार बोटांची फट होती. तीतून त्यानं हात आत घातला. काही दिसत नव्हतं. कोपराजवळ कातडी भाजली, त्यानं हात काढला नाही. बोटांनी चाचपत गेला. वजनानं सीटचा पत्रा खाली वाकला होता, आणि त्या पत्र्याखाली कॉइलची बारीक वायर चेंगरली होती.

त्यानं बोटानं वायर बाजूला केली. इंजिन सरळ झालं.

बोट काढलं. आचका.

पुन्हा बाजूला केली. सरळ.

त्यानं असं पाच-सहा वेळा केलं. पहिल्या दोन वेळांनंतर त्याची गरज नव्हती. मागच्या सीटवरून कोंडिबा त्याच्याकडं बघत होते. अभिनंदननं वर बघितलं नाही.

शेडमध्ये आल्यावर त्यानं स्वतःच्या हातानं वायर कापून पाहिली. वरचं रबर शाबूत होतं. आतली तांब्याची तार तुटलेली. दोन टोकं नुसती एकमेकांना टेकलेली. त्यानं नवी वायर घातली, पत्र्यापासून लांब वळवून बांधली, आणि वाकलेला पत्रा ठोकून सरळ केला.

"तुम्ही उद्यापासून कामावर या," तो कोंडिबांना म्हणाला. "मी ट्रस्टला कळवतो, दोष सापडला म्हणून."

"गाडीचं कळवा," कोंडिबा म्हणाले. "माझं काय लिवनार? गावात लोक इचारत्यात, खोटं बोललास म्हनून काढलं का. माझी सून इचारती."

अभिनंदननं कागद मागितला. बाकड्यावर बसून लिहिलं. एक ओळ खोडली, पुन्हा लिहिली. मग कोंडिबांना वाचून दाखवलं... चालक खरं सांगत होता, चूक माझी. कागद घडी करून कोंडिबांनी खिशात ठेवला. ते आभार मानायला थांबले नाहीत. उस्तादांना नमस्कार करून चालते झाले.

पुढच्या मंगळवारी त्यांनी हौसाक्कांना पुढं बसवून मिरजेत आणलं. गाडी कुठंही अडली नाही.

बुधवारी सकाळी अभिनंदन पुन्हा शेडमध्ये आला. कोपराला मलम लावलेलं होतं. उस्ताद मांड्या चोळत बसले होते.

"एक बोलू, उस्ताद?"

"बोल."

"माझ्या माणसांसमोर मी खोटा ठरलो. ठीक आहे, ठरलो. पण न्यायानं बघा. वायर आतून तुटलेली, वरून धड. मी सीट उचलली की दोष नाहीसा. मी एकटा गाडी चालवली की दोष नाहीसा. मी तरी काय करायला हवं होतं? ती वायर मला कशी सांगणार होती?"

उस्तादांचे हात मांडीवर थांबले. इतक्या वर्षांत त्यांनी अभिनंदनवर कधी आवाज चढवला नव्हता. आताही चढवला नाही. पण त्यांचा चेहरा असा झाला होता, की अभिनंदन एक पाऊल मागं सरला.

"वायर मुकी होती," ते म्हणाले. "कोंडिबा नव्हते."