लाल गाडीचं पांघरूण

“...प्लॅस्टिकचं घ्यावं तर आतनं घाम धरतंय, कापडाचं घ्यावं तर दव पितंय. मग घ्यायचं तरी कुठलं, महाराज?”

महाराजांनी मान वर केली. बस्तीच्या, म्हणजे जैन मंदिराच्या, आवारात कोवळं ऊन नुकतं उतरलं होतं आणि त्या उन्हाच्या कडेला ते पाटावर बसले होते.

“घाम?” त्यांनी विचारलं. “गाडीला?”

“गाडीला न्हाई, कव्हरला. दिवसा तापतंय, रातीला गार पडतंय. आत वाफ कोंडती. तसंच राहिलं की रंगावर डाग.”

“असं व्हय,” म्हणत महाराज जरा पुढं सरकून बसले.

प्रश्न विचारणारा श्रेणिक मगदूम शिरोळकडचा. भावाबरोबर त्याचं लेथचं वर्कशॉप होतं आणि बोटात असं कसब होतं की बिघडलेलं यंत्र त्याच्यापुढं मुकाट्यानं सुरू व्हायचं. पण मन संसारात रमेना. लग्न केलं नाही, आणि यंदाच्या चातुर्मासात तो महाराजांच्या सेवेला येऊन राहिला तो राहिलाच. कार्तिकातल्या अष्टाह्निकेत, त्या आठ दिवसांच्या पर्वात, त्याला क्षुल्लक दीक्षा मिळायची होती. पत्रिका छापून वाटूनही झाल्या होत्या.

क्षुल्लक म्हणजे दिगंबर मुनींच्या वाटेवरची अलीकडची पायरी. अंगावर लंगोटी आणि एक वस्त्र, तेही मुद्दाम आखूड. डोकं झाकावं तर पाय उघडे पडतात, पाय झाकावेत तर डोकं. महाराज स्वतः क्षुल्लकच होते. सत्तरी उलटलेली, छाती खोकल्यानं पोखरलेली, आणि खांद्यावर तेवढंच एक कापड.

श्रेणिकनं मीठ सोडलं होतं, तूप सोडलं होतं, चपला सोडल्या होत्या. सोडण्याचाही एक थाट असतो, आणि तो त्यानं पुरता कमावला होता. घर तर त्यानं एका दुपारीच सोडलं. वर्कशॉप भावाच्या नावावर केलं, पिशवी उचलली आणि निघाला. आई मागच्या दारात तोंड फिरवून बसली होती. तिला मोह आवरत नाही, असं तो आल्यागेल्याला सांगायचा.

राहिली होती फक्त गाडी, त्याची मोटारसायकल. गडद लाल रंगाची, टाकीवर दोन बारीक सोनेरी रेघा. त्या रेघा त्यानं श्वास रोखून स्वतःच्या हातानं ओढल्या होत्या. बस्तीच्या धर्मशाळेच्या पत्र्याच्या शेडमध्ये ती ठेवायला विश्वस्तांनी परवानगी दिली होती. पण शेड तिन्ही बाजूंनी उघडी. त्यात साखर कारखान्याची धुराडी पेटलेली, आणि गाळप सुरू झालं की पंचक्रोशीत काळी राख पडते.

“एक अस्तराचं मिळतंय,” श्रेणिक सांगत होता. “सांगलीचा दुकानदार म्हणाला, आतनं रेशमावाणी मऊ. मी म्हटलं, वाणी का खरंच रेशीम? किडं मारून केलेलं आमच्यात चालत न्हाई.”

“मग?”

“नायलॉन निघालं.”

“वाचलास,” महाराज म्हणाले, आणि त्यांच्या मिशा नसलेल्या ओठांवर हसू आल्यासारखं झालं. “मग तेच घे की.”

“पण वाऱ्यानं फडफडतंय ना. फडफडून फडफडून आतनं घासतंय. रंग मरतोय.”

“म्हंजे राखायला घातलेलंच खातंय?”

“सैल असलं तर.”

“आणि घट्ट असलं तर?”

“तर आरशाशी फाटतंय.”

महाराजांनी मान डोलावली. इतकं लक्ष देऊन ते प्रवचनातल्या शंकासुद्धा ऐकत नसत. श्रेणिकला बरं वाटलं. त्याला वाटलं, गुरू असावा तर असा, प्रपंचातल्या बारक्या गोष्टीलाही नाक न मुरडणारा.

“टिकंल किती?”

“चांगलं घेतलं तर चार-पाच वर्षं.”

“मग?”

“मग दुसरं घालायचं.”

“कुणी?”

श्रेणिक जरा अडखळला. “सन्मती घालंल. माझा भाऊ.”

“मग चालवू दे की त्यालाच.”

“न्हाई, न्हाई!” श्रेणिक जवळजवळ ओरडलाच. “त्याचा हात जड हाय, महाराज. उसाच्या वाटंनं घालंल. पाचट घासंल टाकीला. महिन्याभरात पार रया घालवंल गाडीची.”

“मग ती हाय कुणाची?”

“कुणाचीच न्हाई,” श्रेणिक छाती काढून म्हणाला. “मी सोडली.”

“सोडली...” महाराज स्वतःशीच म्हणाले. “आणि झाकायची.”

श्रेणिकनं मान वळवून शेडकडं पाहिलं. शेजारच्या पिंपळावर पोपटांचा कालवा चालला होता. 

मग महाराज गुडघ्यावर हात देऊन उठले.

“चल. बघू तरी कसली हाय.”

शेडमध्ये अजून ऊन पोचलं नव्हतं. सावलीला चांगलाच गारठा होता. महाराजांनी गाडीभोवती एक फेरी मारली. आरशात डोकावले, सोनेरी रेघांपाशी वाकून बराच वेळ बघत राहिले. मग मोरपिसांची पिंछी टाकीवरून आणि सीटवरून अलगद फिरवली. कुठंही काही ठेवण्याआधी ते असंच करत. एखादी मुंगी चिरडायला नको. श्रेणिकच्या मनात आलं, धूळ काढायला याच्याइतकं मऊ दुसरं काही नाही, ओरखडा पडायची भीतीच नको. दुसऱ्याच क्षणी त्यानं मनातल्या मनात कान पकडले.

महाराजांनी खांद्यावरचं वस्त्र काढलं, झटकलं आणि गाडीवर पसरलं.

ते पुरेना. टाकी झाकली की सीटचा मागचा भाग उघडा. त्यांनी ते मागं सरकवलं, तर पुढं टाकी उघडी पडली.

“आखूड पडतंय की रं,” ते खरंच नवल वाटल्यासारखं म्हणाले. “कुठनं उघडी ठिवायची?”

श्रेणिकनं डोळे बारीक केले. कारागिराची नजर ती. अडचण समोर दिसली की जग विसरायची.

“टाकी झाका, महाराज. सगळा रंग टाकीवरच हाय. मागं नुसतं रेक्झिन, त्याला काय हुतंय.”

“अशी?”

“जरा डावीकडं. हां... टोपणाच्या पुढं घ्या. आता बसलं.”

बसलं खरंच. महाराज दोन पावलं मागं सरकून उभे राहिले. दोघंही गाडीकडं बघत राहिले. धुराड्याच्या राखेचे काळे तुकडे वाऱ्यावर तरंगत आत येत होते आणि पांढऱ्या कापडावर बसत होते. टाकीवर एकही पडत नव्हता. श्रेणिकला मनापासून समाधान वाटलं.

मग मागं खोकल्याची उबळ आली.

त्यानं वळून पाहिलं. महाराज नुसत्या लंगोटीवर उभे होते. बरगड्या मोजून घ्याव्यात अशा दिसत होत्या. अंगावर काटा आला होता आणि दोन्ही हातांनी पिंछी छातीशी धरूनही ते थरथरत होते.

 लाजेनं श्रेणिकला तिथंच गाडून घ्यावंसं वाटलं. आपण डावीकडं घ्या, पुढं घ्या सांगत राहिलो, आणि हा म्हातारा माणूस आपल्या शेजारी काकडत होता.

“महाराज!” म्हणत तो कापडाकडं धावला.

आणि तिथं त्याचे हात थांबले.

कापडावर राख होती. तसंच ओढलं असतं तर कण घासले जाऊन रंगावर रेघा उठल्या असत्या. त्याच्या हातांनी त्याला न विचारताच आपलं काम केलं. एक कड धरली आणि आत दुमडली. दुसरी कड धरली आणि तीही आत दुमडली. मग सगळं कापड कुठंही न घासता सरळ वर उचललं, झोपलेल्या तान्ह्या पोराच्या अंगावरचं पांघरूण उचलावं तसं. बाजूला नेऊन राख झटकली. टाकी आरशासारखी स्वच्छ राहिली होती.

वस्त्र घेऊन तो वळला आणि तेव्हा कुठं त्याला कळलं, आपण काय केलं ते. एवढा वेळ म्हाताऱ्याला आणखी गारठ्यात ठेवलं, एका रेघेसाठी.

वस्त्र महाराजांच्या हातात देऊन तो खाली बसला, जमिनीवरच. त्याला रडू फुटलं.

“मी लायक न्हाई, महाराज. दीक्षा नका देऊ मला.”

“न्हाई देत,” महाराज म्हणाले. “या अष्टाह्निकेत तरी न्हाई.”

त्यांच्या बोलण्यात राग नव्हता. हातातलं वस्त्र त्यांनी अजून अंगावर घेतलं नव्हतं. थरथर चालूच होती, पण ते श्रेणिकच्या तोंडाकडं बघतच नव्हते. ते त्याच्या हातांकडं बघत होते.

“पत्रिका वाटून झाल्या,” श्रेणिक नाक पुसत म्हणाला. “लोकांना काय सांगू? मी आता करू तरी काय?”

 महाराज पुढं झाले, ते वस्त्र त्यांनी पुन्हा गाडीवर पसरलं, आणि बाजूला सरून उभे राहिले.

“परत एकदा उचलून दाखव... सावकाश. मी घर सोडलं तवा ओढून काढलं हुतं. घरच्यांवर उठलेल्या रेघा अजून हाईत.”