वेशीतली पालथी मडकी

फार फार वर्षांपूर्वी एका मोठ्या तलावाच्या बांधाखाली, उतारावर एक नगर वसलं होतं. तिथली रीत मोठी शहाणपणाची. कुणाचं गाऱ्हाणं असलं, की त्यानं वेशीत येऊन मडकं पालथं घालायचं आणि शेजारी मुकाट बसायचं. गाड्यांपुरती वाट मोकळी ठेवायची. राजानं ऐकून घेतलं, की मडकं उचलून घरी जायचं.

एकदा राजानं आपल्या बागेसाठी तलावाचा काठ कुंपण घालून बंद केला. कुंभारांना तिथली माती मिळेनाशी झाली. झालं! दुसऱ्याच दिवशी वेशीत दीडशे मडकी पालथी पडली.

वेशीची राखण कोतवालाकडे होती. दुपारी राजाचे पाहुणे याच वाटेनं येणार होते. "काही भलतंसलतं झालं तर माझी धडगत नाही," असं पुटपुटत तो येरझाऱ्या घालू लागला. माणसं गप्प बसली होती, पण त्याला ते गप्प बसणंच खायला उठलं.

तेवढ्यात गर्दीतून एक दगड आला आणि शिपायाच्या पगडीला लागला. कुंभारांनीच दगड मारणाऱ्या तरुणाचं मनगट धरलं. एक म्हातारी कुंभारीण ओरडली, "हा घ्या, कोतवालबाबा! याला न्या, बाकीच्यांना बसू द्या!"

कोतवालानं ते ऐकलं, पाहिलंही. पण भ्यालेल्या माणसाला धीर कुठला निघायला? "हाणा सगळ्यांना!" तो किंचाळला. दीडशे पाठींवर काठ्या बसल्या, मडक्यांच्या खापऱ्या झाल्या. पाहुणे आले तेव्हा वेस अगदी मोकळी होती.

राजानं खूश होऊन कोतवालाला सोन्याचं कडं दिलं. पण त्या दिवसापासून वेशीत कुणी फिरकेना. कोतवाल दिसला, की लोक दारं लावून घेत. नगरात बरं चाललंय की वाईट, हेच त्याला कळेना. हाती कडं आलं, पण मेल्याची झोप उडाली.

पावसाळ्यात एका सकाळी तलावाचा बांध फुटला. खालच्या आळ्या वाहून गेल्या. कोतवालाचं घर गेलं आणि घरातली त्याची आईही गेली.

तो चिखलात बसून रडत होता, तिथं ती म्हातारी कुंभारीण आली. तिचंही घर उरलं नव्हतं. ती म्हणाली, "बांध पाझरत होता रे. आठ दिवस आम्हाला कुंपणाबाहेरून दिसत होतं."

"अगं, मग सांगितलं का नाहीस?"

म्हातारीनं त्या दिवशी काठीनं मोडून वाकडा बसलेला आपला हात पुढे केला. "सांगायला वेशीत यावं लागतं ना, बाबा?"



तात्पर्य: एकाच्या दगडासाठी साऱ्यांवर काठी उगारली, तर गाऱ्हाणं सांगणारे गप्प होतात आणि त्यांच्याबरोबर संकटाची खबर देणारेही.