वस्तादांचा खोकला

“मग ओढत होतो तेव्हाच बरा होतो, असं म्हणायचं का?”

हैबतराव वस्तादांनी एवढं विचारलं आणि पुढचे शब्द खोकल्यात बुडाले.

नूरशा फकीर गोधडीला ठिगळ लावत होता. त्यानं मान वर केली नाही.

दुपारची वेळ. टेकडीवरच्या दर्ग्याच्या ओट्यावर दोघांखेरीज कुणी नव्हतं. वस्ताद गावच्या तालमीत पोरांना कुस्ती शिकवीत. उभ्या हयातीत पाठीला माती लागू दिली नाही, असा त्यांचा लौकिक. गेल्या अमावास्येला अख्ख्या तालमीसमोर त्यांनी विड्यांचं बंडल चुरगाळून चुलीत टाकलं होतं.

“संपलं,” असं तेव्हा म्हणाले होते.

संपलं नव्हतं.

“विडी होती तोवर छाती गप होती, बाबा,” दम लागला तसे वस्ताद थांबून थांबून बोलू लागले. “आता पहाटेपासून ढास लागते. काळा बेडका पडतो. तोंड आलंय. पोट साफ नाही. जरा डोळा लागला की दचकून उठतो. काल एका पोराच्या कानाखाली वाजवली... का वाजवली, तेच आठवेना.”

“हा खोकला पोरांना ठाऊक आहे?”

“छ्या! खोकायला मी गोठ्यात जातो.”

फकिरानं सुई आणि दोरा पुढं केला.

“एवढी ओवून द्या.”

वस्तादांनी सुई धरली. दोरा एकदा अलीकडून गेला, एकदा पलीकडून. मग थुंकी लावून पुन्हा. बोटं थरथरत होती. भल्याभल्यांची मनगटं पिरगाळलेली बोटं.

“बघा,” ते म्हणाले. “हे असं झालंय.”

फकिरानं सुई परत घेतली.

“राहू द्या. गोधडीच्या त्या टोकावर बसा. ताणून धरायला वजन पाहिजे. हलू नका.”

वस्ताद उजवा पाय खाली दुमडून बसले. हलू नका म्हटल्यावर ते हलणार नव्हतेच.

टाके पडत राहिले. सावली ओट्याखाली उतरली. वस्तादांच्या पायाला रग लागली. त्यांनी दात आवळले. हळूहळू रगही गेली. पाय आहे की नाही, तेही कळेना. सुटलो, असं त्यांना वाटलं.

तेवढ्यात पायऱ्यांखालच्या टपरीवरून विडीचा वास वर आला.

वस्तादांनी मान वळवली. नाकपुड्या फुलल्या. छातीत कुणीतरी दोरी ओढल्यागत झालं.

“येतो मी,” ते म्हणाले. “एक झुरका घेतो. एकच. छाती गप होईल, हात गप होतील. हा जाच कशापायी सोसायचा?”

फकिरानं दातानं दोरा तोडला.

वस्ताद झटक्यात उठले. उजवा पाय टेकला... तो टेकलाच नाही. तोल गेला आणि ते ओट्यावर उताणे पडले. पाठ, दोन्ही खांदे, सगळं खाली.

फकीर गोधडी बाजूला सारून जवळ आला. त्यानं पायाला हात लावला.

“हात नका लावू!”

“दुखतंय?”

“मुंग्या आल्यात. आग होतीय नुसती!”

“मघाशी बसला होता, तेव्हा दुखत होतं?”

“कसं दुखेल? बधिर झाला होता पाय, मेल्यात जमा! आता कुठं रक्त उतरतंय त्यात, म्हणून तर...”

बोलता बोलता वस्तादांचा हात आपल्या छातीवर गेला.

टपरीवरचा वास अजून येत होता. ते उठले नाहीत. पडल्या पडल्या वर बघत राहिले. कळ मांडीपर्यंत चढली. छातीतून ढास वर आली. त्यांनी पायऱ्यांकडं पाहिलं. कुणी येत नव्हतं. तरीही त्यांनी तोंडावर पंजा दाबून धरला. डोळ्यांत पाणी आलं, पण आवाज बाहेर पडू दिला नाही.

फकीर त्यांच्या उशाशी बसला. त्यानं तो पंजा अलगद तोंडावरून काढला आणि आपल्या हातात धरून ठेवला.

“खोका, ओरडा, वस्ताद. दुखणं ही तर जित्याची खोड.”