घण कुणी मारला?

एका गावात एक लोहारीण होती. भट्टी नवऱ्याची आणि ताप मात्र तिच्या डोक्याला, अशी तिची गत होती. नवरा कामाला वाघ होता, पण जुनं लोखंड दिसलं की त्याचे पाय तिथंच थबकायचे. मोडका फाळ, बैलगाडीची धाव, रहाटाचा दांडा, दिसेल ते उचलून घरी. अंगणात पाऊल टाकायला जागा उरली नव्हती.

"आता गंजायची तेवढी मीच राहिलेय," ती म्हणायची. नवरा हसायचा, आणि तिचं डोकं आणखी तापायचं.

त्या वर्षी गावानं लोहाराला मोठं काम दिलं. देवीच्या उत्सवाला सगळा गाव एका पंगतीत जेवायचा आणि भाजी असायची लाल भोपळ्याची. ती चिरायला चाळीस नव्या सुऱ्या हव्या होत्या. उत्सवाचा स्वयंपाक एका म्हातारीच्या शब्दावर चालायचा. ती घरी येऊन सांगून गेली, "सुऱ्या नीट झाल्या तर गावचं सगळं काम तुमच्याकडं. न्हाईतर नदीपलीकडचा लोहार हायेच."

लोहार तडक बंद पडलेल्या लाकडाच्या वखारीत गेला. तिथं ओंडके कापायच्या करवतींची थाळ्याएवढी गोल पाती पडली होती. एका कोपऱ्यात जुनी, काळी, गंजलेली. दुसऱ्या कोपऱ्यात नवी, चकचकीत, अणकुचीदार दातांची. "कोणची बी न्या, पण जागा मोकळी करा," राखणदार म्हणाला. लोहारानं चकचकीत पाती गाडीत भरली.

लोहारणीनं एक पातं हातात घेऊन उलटसुलट पाहिलं. "आवं, ह्याचे दात येगळे, वरनं जोडलेले हायेत. अंग कसलं हाय कुणाला ठावं? एक तुकडा तापवा, पाण्यात बुडवा आन् हातोडी हाणा. माझा बाप तसंच करायचा. पापडावानी मोडला तर पोलाद, नुसता वाकला तर पत्रा."

"चांगल्या पात्याचा तुकडा वाया घालवू? पंचवीस वर्षं लोखंड हाताळतोय. मला नुसतं बघून कळतं."

"आवं, दातांनी का भोपळा चिरायचाय?"

"तू भाता ओढ."

तिनं सकाळी सांगितलं, जेवताना सांगितलं, पाणी भरून आल्यावर पुन्हा सांगितलं. सगळं पालथ्या घड्यावर पाणी. शेवटी ती वैतागली. "करा काय करायचं ते! माझं काय जातंय?"

आता लोहाराच्या घरची रीत अशी, की नवरा छिन्नी धरतो आणि बायको घण मारते. एकट्याच्यानं ते काम होत नाही. लोहारानं छिन्नी धरली आणि लोहारणीनं रागारागानं घण उचलला. पहिल्याच घावाला तिला कळलं, पातं कच्चं आहे. छिन्नी पात्यात अलगद शिरत होती. क्षणभर तिच्या मनात आलं, थांबावं. मग आलं, कशाला थांबू? होऊ दे एकदा फजिती, मग येईल अक्कल. ती घण मारत राहिली. चाळीस सुऱ्या तयार झाल्या.

उत्सवाचा दिवस उजाडला. बायका आख्ख्या भोपळ्याला पहिला घाव घालत नाहीत, तो पुरुषानं घालायचा असतो. त्या वर्षी तो मान लोहाराला मिळाला. नवी सुरी घेऊन, मिशीला पीळ देऊन तो पुढं आला आणि भोपळ्यात सुरी रोवून त्यानं जोर लावला. सुरी वाकली. त्यानं दुसरी घेतली, तीही वाकली. तिसरी त्यानं गुडघ्यावर सरळ केली, तर ती उलट्या बाजूला वाकली. बायका तोंडाला पदर लावून हसू लागल्या. मग घराघरांतून विळ्या आणाव्या लागल्या. पंगत बसेपर्यंत ऊन कललं आणि पोरं भुकेनं रडून झोपी गेली.

लोहार मान खाली घालून उभा होता. लोहारीण मात्र ह्याच घटकेची वाट बघत होती. कमरेला पदर खोचून ती पुढं आली. "मी सांगितलं व्हतं! एकदा न्हाई, धादा सांगितलं व्हतं! पातं कच्चं हाय हे मला पहिल्या घावालाच कळलं व्हतं!"

म्हातारीनं वाकडी सुरी उचलून तिच्या हातात दिली. "तुला कळलं व्हतं?"

"व्हय!"

"मग पोरी, बाकीचे घाव कुणी घातले?"

लोहारणीनं आपल्या तळहातांकडं पाहिलं. चाळीस सुऱ्यांचे फोड अजून तिथं होते. तिला भयंकर लाज वाटली.

"त्यो न कळता चुकला," म्हातारी म्हणाली. "तू कळून बी चुकलीस. उपाशी पोरांना दोन्ही सारखंच." आणि गावाचं काम नदीपलीकडं गेलं.

दुसऱ्या दिवशी लोहार वखारीतली गंजकी पाती घेऊन आला. छिन्नी धरून हळूच म्हणाला, "उचल घण." लोहारणीनं घण जमिनीवर ठेवला आणि ती त्यावर ठाण मांडून बसली.

"आधी तुकडा."

लोहार चिडला, कुरकुरला, अंगणात दोन चकरा मारून आला. ती हलली नाही. शेवटी त्यानं तुकडा तापवला, पाण्यात बुडवला आणि त्यावर हातोडी घातली. तुकडा कडकन मोडला. तेव्हा कुठं ती उठली.

पुढच्या उत्सवाच्या आधी म्हातारी दारात आली. तिच्या काखेत एक भोपळा होता. "एकच सुरी करा," ती म्हणाली. "मी हितंच बसते."

तात्पर्य काय, तर चूक दिसत असूनही जो तिला हातभार लावतो, त्याला "मी सांगितलं होतं" म्हणून हात झटकता येत नाहीत.