शिवणीतली माया

एकदा एका तालुक्याच्या गावी शांतवन नावाचा एक शिंपी राहत होता. शाळेचे गणवेश शिवून त्याचे घर जेमतेम चाले. दोन वर्षांपूर्वी त्याचे पहिले मूल जन्मतःच गेले आणि एका भयाने त्याच्या मनात ठाण मांडले: आपण चार पैसे जपून ठेवले, हा अविश्वास देवाला रुचला नाही, म्हणूनच मूल गेले.

आता त्याची पत्नी मार्था पुन्हा गरोदर होती. घरखर्चातून उरेल ते सारे शांतवन दर रविवारी चर्चमध्ये अर्पणाच्या थैलीत टाकी. "अहो, थोडं बाळंतपणाला राहू द्या," असे ती म्हणाली, की त्याचा चेहरा पांढराफटक पडे.

लहानपणी ज्यांच्याकडे तो शास्त्र शिकला आणि ज्यांच्यापाशी त्याने हे भय एकदा बोलून दाखवले होते, ते वृद्ध पाळक एका रविवारी स्वतः थैली फिरवत होते. शांतवनने पाकीट पुढे करताच त्यांनी थैलीचे तोंड मिटले.

"तुझं आज घेत नाही."

उपासना संपल्यावर शांतवन त्यांना गाठून म्हणाला, "बाबा, देवानं मला नाकारलं का?"

"देवानं नाही, मी. पोरांच्या गणवेशात शिवणीला जास्तीच्या कापडाची माया ठेवतोस ना?"

"ठेवतो. पुढल्या वर्षी उसवून मोठा करता येतो."

"ती काय भीतीपोटी ठेवतोस?"

"नाही बाबा. पोर वाढणार, म्हणून."

"मग शिल्लकही तशीच ठेवावी, पोर वाढणार म्हणून. तू थैलीत टाकतोस ते अर्पण नव्हे, खंडणी आहे. चार पैशांसाठी लेकरू हिरावणारा तो आपला बाप नव्हे. आनंदानं देववेल तेवढं दे. बाकीचं ठेव."

त्या मुलाच्या मृत्यूनंतर शांतवन प्रथमच रडला.

भय काही एका दिवसात सरले नाही. दर शनिवारी पोस्टात थोडे पैसे भरताना त्याला गेलेले मूल आठवे. मार्थालाही त्याने या शिलकीबद्दल सांगितले नाही. बोललो तर विपरीत घडेल, असे वाटे.

नववा महिना लागला आणि एका दुपारी अचानक रक्तस्राव सुरू झाला. दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, "ताबडतोब शस्त्रक्रिया करावी लागेल." शांतवन दाराबाहेर उभा राहिला, पण पैशांसाठी त्याला कुणाच्या उंबऱ्यावर धावावे लागले नाही.

आतून बाळाच्या रडण्याचा आवाज आला, तेव्हा तो मटकन खाली बसला.

संध्याकाळी मार्थाने क्षीण स्वरात विचारले, "एवढा खर्च! पैसे कुणी दिले?"

"देवानं," शांतवन म्हणाला. "दर आठवड्याला देत होता. या खेपेला मी ते ठेवून घेतले."